डिप्रेशन नक्की किती जणांना असतं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

थोड्याफार फरकाने हेच प्रश्न परत परत येतात, म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतेय.

रीलमध्ये सांगतात तीनात एकाला डिप्रेशन, पेपरात येतं विसात एकाला. खरं काय?
विसात एक हा आकडा निम्हान्सच्या (बेंगळुरूची मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) 2015-16 च्या राष्ट्रीय सर्व्हेतला, 12 राज्यांत घरोघरी जाऊन केलेला (महाराष्ट्र त्यात नव्हता). आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन झालेले प्रौढ 5.2 टक्के आणि सर्व्हेच्या वेळी त्रास चालू असलेले 2.7 टक्के. एकाच सर्व्हेचे दोन आकडे झाले बघा. तीनात एक वगैरे बहुतेकदा प्रश्नावलीवरून काढतात, आणि प्रश्नावली ही नुसती चाळणी असते, परीक्षा तोंडावर आली, चार रात्री झोप झाली नाही तरी तिचा स्कोअर चढतो. डिप्रेशनचं निदान डॉक्टरांशी समोर बसून बोलल्यावरच होतं.

हे बायकांनाच जास्त असतं ना?
जास्त असतं, 'बायकांनाच' नाही. जगभरात पुरुषांच्या साधारण दीडपट. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तर दहा टक्क्यांहून जास्त जणींना होतं, तेव्हा 'पहिलटकरीण आहे, होईल सवय' म्हणत बसू नका, तिला दाखवून आणा. पुरुष मात्र चिडचिड आणि दारूच्या आड लपून उशिरा येतात.

आई गेल्यापासून बाबा (वय 71) जेवत नाहीत, बोलत नाहीत, विसरायलाही लागलेत. दीड वर्ष झालं. नातेवाईक म्हणतात वयच आहे. थांबावं का?
थांबायचं कशासाठी, अजून दीड वर्षासाठी? 'वयच आहे' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) 2023 च्या माहितीनुसार जगभरात प्रौढांत डिप्रेशन 5 टक्के, साठीपुढच्यांत 5.7, म्हणजे म्हातारपणी कमी होत नाही, पण म्हातारपण म्हणजे डिप्रेशन असंही नाही, साठीपुढचे बहुसंख्य लोक उदास नसतात. दुःख होणारच, पण इतके महिने जेवण-बोलणं बंद हे नुसतं दुःख नव्हे. म्हातारी माणसं 'उदास वाटतं' म्हणतच नाहीत, ती म्हणतात अंग दुखतं, पोट साफ होत नाही, झोप नाही, आणि मग गॅसच्या गोळ्या, एमआरआय, सगळं होतं, फक्त मनाचं कुणी विचारत नाही. विसरणंसुद्धा डिप्रेशनमुळे असू शकतं आणि उपचारांनी सुधारू शकतं, स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते, ते घरच्यांनी ठरवायचं नसतं. थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन, चालू असलेल्या औषधांची यादी आणि मानसोपचारतज्ज्ञ, हे याच आठवड्यात. आणि 'देवानं आता उचलावं' असं म्हणत असतील तर हसण्यावारी नेऊ नका, मरायचे विचार येतात का हे सरळ विचारा, विचारल्याने कल्पना सुचत नाही. हो म्हणाले तर एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर. गावात कुणी नसेल तर टेली-मानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

खेड्यात कमी असतं म्हणे?
निम्हान्सच्या त्याच सर्व्हेत महानगरांत जास्त सापडलं, खेड्यात 'नाही' असं नाही. उपचार न मिळणारे मात्र सगळीकडेच बहुसंख्य, हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

ऑनलाइन टेस्टमध्ये 'मॉडरेट' आलं, खालीच 'नॅचरल' कॅप्सूलचं पॅकेज होतं. घेऊ का?
नको. टेस्ट कशासाठी ठेवली होती ते कळलंच की. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असताना असलं काही पोटात गेलं तर धोकाही होऊ शकतो. स्कोअर डॉक्टरांना दाखवा.

गोळ्यांची सवय लागते का?
दारूसारखी नाही. पण बरं वाटलं म्हणून मनानेच एकदम बंद करू नका, ज्यांनी सुरू केल्या त्यांनाच विचारून कमी करा.