रात्री तीनदा उठतेस, त्याचं काय?

‘मावशी, वर्षभरात चौथ्यांदा यीस्ट इन्फेक्शन झालंय. खाज, जळजळ, फुटलेल्या दह्यासारखं पांढरं जाणं. ट्यूब लावली की दोन-तीन दिवसांत बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मी आतूनसुद्धा साबणाने धुते, इतकी स्वच्छ राहते. मग हे नवऱ्याकडून येत असेल का? त्याचं बाहेर काही असेल? तीन आठवडे मी त्याच्याशी धड बोललेले नाही. झोपही नीट नाही, घसा कोरडा पडतो म्हणून उशाशी पाणी ठेवते, रात्री तीनदा लघवीला उठते, पण चाळिशी उलटली की हे चालायचंच. त्याला कसं विचारू?’

(पत्र बरंच मोठं होतं. नवऱ्याचा बराचसा भाग मी कापलाय.)

अगं, त्याला काही विचारू नकोस. उद्या सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्तातली साखर तपासून घे.

चार पानी पत्रात कामाची ओळ एकच होती आणि तीच तू ‘चालायचंच’ म्हणून उडवून लावलीस. घशाला कोरड, रात्री तीन-तीनदा लघवी आणि वर्षात चार वेळा बुरशी. हे तिन्ही एकत्र आलं की वयाला बोल लावायचा नसतो, डायबेटिस आहे का ते बघायचं असतं. कॅंडिडा नावाची ही बुरशी कितीतरी बायकांच्या अंगात एरवीही गुपचूप राहत असते, काही त्रास देत नाही. साखर वाढली की तिला आयतं खायला मिळतं, शिवाय शरीराची तिला आवरून धरण्याची ताकदही कमी होते. तू ट्यूब लावतेस, ती तेवढ्यापुरती मरते आणि खुराक चालू असल्याने पुन्हा माजते. चारपैकी एकदाही तुला हे सुचू नये?

उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टर पुन्हा एकदा खात्री करून घेतील आणि उपचार सुरू करतील. साखर आटोक्यात आल्याशिवाय खालचं दुखणं काही हटायचं नाही.

तो साबण आजपासून आत न्यायचा नाही. योनी स्वतःला स्वच्छ ठेवते. तुझ्या घासण्याने आतली कातडी सोलवटते एवढंच. बाहेरून साधं पाणी पुरे.

आणि नवरा? हे दुखणं लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांत धरत नाहीत. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी होतं, त्यात नवरे नसलेल्याही आल्या. त्याचं बाहेर काही आहे की नाही मला ठाऊक नाही, पण या खाजेवरून ते कळणार नाही.

तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांना स्रावाचा नमुना घ्यायला सांग. ‘मला यीस्टच झालंय’ असं छातीठोक सांगणाऱ्या कित्येकींना निघतं भलतंच, बॅक्टेरियाचं वगैरे, आणि त्यावर बुरशीची ट्यूब काही कामाची नाही. बुरशीच निघाली तर एरवी क्लोट्रिमॅझोलची ट्यूब किंवा पोटात घ्यायची फ्लुकोनॅझोलची १५० मिलीग्रॅमची एक गोळी भागवते. पण वर्षात तीन-चार वेळा होणाऱ्यांना बहुतेकदा आधी जास्त दिवसांचा कोर्स आणि मग आठवड्याला एक अशी सहा महिने गोळी देतात. ते डॉक्टर ठरवतील, तू नाही. आणि या वयातही पाळी चुकली असेल तर आधी ते सांग, कारण गरोदरपणात ही पोटातली गोळी टाळतात. दोन-तीन दिवसांत खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडायची तुझी सवयही तिथे कबूल कर.

रिपोर्ट आला की आकडा कळव. नवऱ्याबद्दलचं पत्र त्यानंतर लिही.