शोकेसमधलं अस्तर: वाचकांचे प्रश्न

आजोबांची चांदीची पदकं आणि राणीछाप रुपये काचेच्या शोकेसमध्ये लाल फेल्टवर मांडले होते. वर्षभरात सगळे काळवंडले. शोकेस तर घट्ट बंद असते, मग असं का?

घट्ट बंद असते म्हणूनच. लोकरीच्या फेल्टमधून गंधकाचे वायू सुटतात. उघड्या फळीवर ते हवेत विरून जातात, पण काचेआड कोंडतात आणि चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. फेल्ट आजच काढा. त्याखाली प्लायवूड किंवा एमडीएफ असेल तर तेही निर्दोष नाही. त्यांच्यातून आम्लाची वाफ येत राहते, आणि तिचा सर्वांत जास्त त्रास शिशाला आणि शिंपल्यांना होतो.

फळीवर पांढऱ्या पॉलिथिलीन फोमचा तुकडा बसवा आणि त्यावर मांजरपाट ताणून घ्या. मांजरपाट कोरं नको. गरम पाण्यात दोनदा धुऊन त्याची खळ पूर्ण काढा. शेवटच्या धुण्यात साबण किंवा नीळ नको. कडा फोमखाली दुमडून सुती दोऱ्यानं टाके घाला. सुतारकामाचा पांढरा गोंद वापरू नका, तो सुकल्यावरही ॲसिटिक आम्ल सोडतो.

आणि कृपा करून ते रुपये पावडरनं घासू नका. काळेपणासोबत राणीच्या केसांची नक्षीही उतरते, ती परत येत नाही.

दुकानदार ‘आर्काइव्हल’ (म्हणजे जतनासाठी सुरक्षित) म्हणून काहीही विकतात. घरी पारख कशी करायची?

१९७३मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी मांडलेली चाचणी संग्रहालयं आजही करतात. चांदी, तांबं आणि शिसं यांचे पत्रे त्या वस्तूबरोबर थोड्या ओलाव्यात, बंद भांड्यात, ६० अंशांवर २८ दिवस ठेवतात.

घरी काचेच्या दोन बरण्या घ्या. दोन्हींत घासलेला चांदीचा आणि तांब्याचा तुकडा आणि छोट्या झाकणात ओला कापूस ठेवा. संशयित कापड किंवा फोम एकाच बरणीत घाला. उबदार जागी महिनाभर ठेवून दोन्हींतला धातू शेजारी शेजारी पाहा. संशयित मालाच्या बरणीतला जास्त काळवंडला असेल तर तो माल नको. अगदी सौम्य दोष यात कळणार नाही, पण उघड घातक माल सापडतो. गादी-सोफ्याचा फोम मात्र चाचणीलाही घेऊ नका. तो पॉलियुरेथेनचा असतो, पिवळा पडतो आणि भुगा होऊन वस्तूला चिकटतो.

सावंतवाडीच्या गंजिफांवर (लाखेचा लेप दिलेल्या रंगीत पत्त्यांवर) बबल रॅपचे गोल वण उमटले आहेत. जातील का?

घरी प्रयत्न करू नका, संवर्धकाला (जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. पावसाळ्यातल्या उकाड्यात लाखेचा पृष्ठभाग किंचित मऊ होतो आणि टेकलेल्या गोष्टीचा ठसा घेतो. अशा पानांच्या रंगीत बाजूला काहीच टेकू देऊ नये, आम्लमुक्त कागदसुद्धा नाही. जाड पॉलिथिलीन फोममध्ये खाचा कापून पानं फक्त कडेनं तोलून धरा.

तांब्याच्या शिवराईवर हिरवा चिकटा आला आहे. अल्बम प्लास्टिकचा आहे.

अल्बम पीव्हीसी या प्लास्टिकचा असणार, चिकटा त्याच्यामुळेच. नाणी लगेच बाहेर काढा आणि पॉलिएस्टरच्या पाकिटांत ठेवा.