एआर-१५ रायफलमध्ये 'अपग्रेड' केलेला बोल्ट कॅरियर ग्रुप (बीसीजी, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा बोल्ट आणि त्याला मागेपुढे नेणारा कॅरियर) बसवला, ३०० गोळ्या एकदाही न अडकता झाडल्या. आता तो भरवशाचा समजायचा का?

नाही, एवढ्यात नाही. तुम्ही लिहिलंय की १६ इंची नळीची साधी एआर-१५ आहे, मूळचा काळा फॉस्फेटचा बीसीजी काढून निकेल-बोरॉनचा चकचकीत बीसीजी घातलाय आणि विकणाऱ्याच्या मते तो 'जास्त रिलायेबल' आहे. मी टेक्सासात राहतो, बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी रेंजवर जातो. त्याआधी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या क्वालिटी विभागात होतो, त्यामुळे उत्तरात गेज आणि नोंदवही जरा जास्तच येईल. चालवून घ्या.

आधी ३०० चा हिशोब. शून्य बिघाड दिसले तर ३ भागिले नग, हा आमच्याकडचा जुना ठोकताळा. ३०० गोळ्यांत शून्य म्हणजे ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की बिघाडाचं प्रमाण १ टक्क्याच्या आत आहे. शंभरात एक! समजा तुमचा बीसीजी खरोखरच दर २०० गोळ्यांना एकदा अडकणारा आहे, तरीसुद्धा ३०० गोळ्या सुखरूप पार पडण्याची शक्यता २२ टक्के असते. हजारात एक असं म्हणायचं तर ३,००० गोळ्या लागतील, म्हणजे बीसीजीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे गोळ्यांतच गेले. अमेरिकी लष्कराने २००७ साली अॅबर्डीनच्या चाचणी मैदानावर धुळीतली चाचणी घेतली तेव्हा प्रत्येक प्रकारच्या १० रायफली आणि प्रत्येकी ६,००० गोळ्या घेतल्या होत्या. एम-४ (एआर-१५ च्याच घराण्यातली लष्करी रायफल) च्या ६०,००० गोळ्यांत ८८२ अडथळे आले, एक्सएम-८ या प्रायोगिक रायफलच्या तेवढ्याच गोळ्यांत १२७. एवढा पसारा मांडल्यावर दोन रायफलींची तुलना करता येते. यूट्यूबवरचा माणूस दोन मॅगझिन रिकामी करून 'फ्लॉलेस' म्हणतो, त्याकडे करमणूक म्हणून बघावं.

मग सामान्य माणसाने करायचं काय? गोळ्या मोजून खात्री परवडत नाही, म्हणून सुटा भाग हातात घेऊन तपासायचा. रायफल रिकामी आहे ना हे दोनदा बघून बीसीजी बाहेर काढा.

पहिली नजर गॅस कीवर. कॅरियरच्या डोक्यावरची ती छोटी नळी दोन स्क्रूंवर बसलेली असते. गोळी झाडल्यावर बंदुकीच्या नळीतला गॅस या कीमधूनच कॅरियरमध्ये शिरतो आणि सगळं चक्र फिरवतो. स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून कीच्या कडेचा धातू ठोकून स्क्रूच्या डोक्यात दाबलेला असतो, त्याला स्टेकिंग म्हणतात. इथे मी स्वतः फसलोय. असाच एक चकचकीत बीसीजी ऑनलाइन घेतला होता. सातशेएक गोळ्या मजेत गेल्या. मग एका शनिवारी शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबेना. पुढच्या मॅगझिनला रिकामी पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकली. मी आधी गोळ्यांना दोष दिला, मग मॅगझिनला. घरी येऊन पुसायला घेतलं तर गॅस कीच्या बुडाशी काजळीची केसाएवढी रेघ दिसली. अंगठ्याने दाबलं तर गॅस की हलली. स्टेकिंग म्हणजे पंचचा नुसता ओरखडा होता, धातू स्क्रूपर्यंत पोचलाच नव्हता. गॅस तिथून फुसफुसत बाहेर पडत होता. वरचं कोटिंग मात्र आरशासारखं. चाकणला असा नग माझ्या टेबलावरून पुढे गेला नसता, आणि स्वतःच्या पैशाने घेताना मी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसरी नजर बोल्टवर. खरा ताण तो सोसतो. स्टील कोणतं? कार्पेंटर १५८ हे लष्करी मानकातलं. ९३१० सुद्धा चांगलं, पण हीट ट्रीटमेंट नीट झाली असेल तरच. प्रूफ राऊंड (मुद्दाम जादा दाबाची गोळी) झाडून मग मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (चुंबकाने बारीक तडे शोधणं) केलीय का, आणि केली असेल तर प्रत्येक नगाची की लॉटमधल्या एखाद्याचीच, हे ईमेल करून विचारा. उत्तर गुळमुळीत आलं की समजून जा. तडे बहुतेक दोनच जागी जातात: एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी खेचणारा आकडा) शेजारचे दोन लग (बोल्टला जागेवर अडकवणारे दात), कारण आठव्या लगची जागा एक्स्ट्रॅक्टरने घेतलेली असते आणि भार सारखा वाटला जात नाही; आणि कॅम पिनचं (बोल्ट फिरवणारी खीळ) भोक, कारण तिथे बोल्ट सगळ्यात बारीक. भिंगातून बघायच्या जागा याच.

आता कोटिंग. निकेल-बोरॉन असो, नायट्राइड असो की सोनेरी टायटॅनियम नायट्राइड, काजळी पुसायला सोपी जाते यात वाद नाही. पण बोल्टच्या शेपटीवर काजळी जमते ती जमतेच, आणि वंगणाशिवाय चालवलंत तर चकचकीत बीसीजीसुद्धा कुरकुरतो. कोटिंगने लगची ताकद वाढत नाही. उलट प्लेटिंगच्या प्रक्रियेत स्टीलमध्ये हायड्रोजन शिरला आणि नंतर भाग नीट भाजला नाही तर कठीण स्टील ठिसूळ होतं. प्लेटिंगवाल्यांशी भांडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, म्हणून हे जरा आवेशाने लिहितोय.

गॅस रिंगची (बोल्टच्या शेपटीवरच्या, गॅस अडवणाऱ्या तीन कड्या) परीक्षा फुकट आहे. बोल्ट पूर्ण बाहेर ओढून कॅरियर बोल्टच्या तोंडावर उभा करा. स्वतःच्या वजनाने खाली बसला तर रिंगा झिजल्यात. तीन रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या की रायफल बंद पडते हे मात्र सोडून द्या.

वजन कमी केलेला कॅरियर तुम्ही पुढचा अपग्रेड म्हणून विचारलाय. स्पर्धेवाले वापरतात, सोबत अॅडजस्टेबल गॅस ब्लॉक (गॅस कमीजास्त करणारा) लावतात आणि रायफल लाडाने साफ ठेवतात. हलका कॅरियर जोरात मागे जातो, पण धूळ-काजळीत पुढे येऊन गोळी चेंबरमध्ये रेटायला लागणारा जोर त्याच्यात कमी पडतो. तुमच्या वापराला नको. कॅम पिनची खाच बदलून बोल्ट उशिरा उघडणारे कॅरियर निघतात, त्यामागे खरं इंजिनिअरिंग आहे. पण त्यांचा फायदा मुख्यतः आखूड गॅस नळीच्या कार्बाइनला, कारण तिथे दाब पुरेसा उतरायच्या आत बोल्ट उघडायला लागतो. तुमची मिड-लेंग्थ (त्याहून लांब गॅस नळीची) असेल तर ते पैसे गोळ्यांवर घाला.

नवा बोल्ट जुन्या नळीत घातलाय, तर हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये गोळी टेकते तिथपर्यंतचं अंतर) गेजने बघितलंत का? प्रश्नात उल्लेख नाही. गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर व्हायला नको. बघितलं नसेल तर पुढची गोळी झाडायच्या आधी गनस्मिथकडे जा. दहा मिनिटांचं काम आहे.

मग वही घाला. तारीख, गोळीचा मेक, मॅगझिनचा नंबर (रंगाने आकडे टाका), वंगण कधी घातलं, काय अडकलं. एका वेळी एकच बदल. तुम्ही बीसीजीबरोबर बफर स्प्रिंगही (कॅरियरला परत पुढे ढकलणारी) बदलली आहे, आता उद्या काही बिघडलं तर पकडणार कोणाला? जुनी स्प्रिंग परत घाला. व्हिएतनाममध्ये एम-१६ अडकायला लागली तेव्हा १९६७ च्या काँग्रेसच्या चौकशीत गोळीतली बदललेली दारू, क्रोम न केलेला चेंबर आणि न पोचलेलं सफाईचं सामान असं सगळंच पुढे आलं. दोष एकाच गोष्टीचा नव्हता.

दर वेळी रेंजवर मी एक चाचणी करतो: मॅगझिनमध्ये एकच गोळी, तीही खोक्यातली सगळ्यात मवाळ .२२३. झाडल्यावर बोल्ट मागे थांबला पाहिजे. असं दहा वेळा, शेवटचे पाच रायफल मळल्यावर. गॅस गळत असेल तर पहिली बोंब इथेच होते. पुंगळ्या साधारण तीन-चार वाजण्याच्या दिशेला पडतायत ना बघा, आणि चारदोन उचलून कड फाटलीय का तेही.

काळा बीसीजी विकू नका. तेल लावून पिशवीत ठेवा, एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग आणि रिंगांचा एक सेट त्याच्याबरोबर. माझा तो आरसा अजून ड्रॉवरमध्ये आहे. गॅस की नव्याने बसवून नीट स्टेक करून घेतली, त्यानंतर वहीत १,९०० गोळ्या आणि दोन अडथळे आहेत, दोन्ही मॅगझिन नंबर चारचे.