जर्मनी २०४५पर्यंत हवामान-तटस्थ होणार म्हणजे नक्की काय?

थोडक्यात, हे कायद्याने बांधलेलं वेळापत्रक आहे. १९९०च्या तुलनेत हरितगृह वायूंचं उत्सर्जन २०३०पर्यंत किमान ६५ टक्के आणि २०४०पर्यंत ८८ टक्के घटवायचं. २०४५मध्ये जेवढं सोडलं तेवढंच शोषलं गेलं पाहिजे.

मूळ २०१९च्या कायद्यात २०३०नंतरचा मार्ग मोघम होता. पुढच्या पिढीवर सगळा भार ढकलला जातो, म्हणून घटनात्मक न्यायालयाने २०२१मध्ये त्यातल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर काही महिन्यांतच हे कडक आकडे आले.

अडतं कुठे? वीजनिर्मितीत घट चांगली आहे, पण वाहतूक आणि इमारती मागे पडतात. गाड्या नि घरातले गॅस-बॉयलर बदलायला दशकं लागतात. आधी प्रत्येक क्षेत्राची वार्षिक मर्यादा चुकली की त्या मंत्रालयाला तातडीचा कार्यक्रम द्यावा लागे. २०२४च्या दुरुस्तीनंतर २०३०पर्यंतचं एकूण उत्सर्जन पाहतात आणि सलग दोन वर्षं अंदाज मर्यादेबाहेर गेला तरच सरकारला पावलं उचलावी लागतात. माझ्या मते ही सवलत घातक आहे, कारण जबाबदार मंत्री कोण हेच धूसर होतं.

शिवाय कार्बन शोषून घेण्याची भिस्त जंगलांवर, आणि दुष्काळ व खोडकिड्यांमुळे तीच अलीकडे कार्बन सोडू लागली आहेत.