घरच्या घरी स्टिअरिंग कॉलम काढायचा म्हणता?

प्रश्न : नमस्कार, माझी २०१७ ची छोटी गाडी आहे, ड्रायव्हर एअरबॅगवाली. खड्ड्यातून गेली की स्टिअरिंगमध्ये खटखट वाजतं आणि थोडा प्ले (ढिलेपणा) पण जाणवतो. गॅरेजवाला म्हणाला कॉलम उतरवावा लागेल. ब्रेक पॅड वगैरे मी स्वतःच बदलतो, गोटी पान्यांचा सेट आहे, तर हे घरी जमेल का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : जमेल, पण आधी कॉलम, म्हणजे स्टिअरिंग व्हीलपासून खाली जाणारा दांडा आणि त्याचं आवरण, काढायची खरंच गरज आहे का ते बघा. इंजिन बंद, चावी फिरवून लॉक उघडा आणि कुणाला तरी स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगून तुम्ही पेडलजवळचा यूजे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट, दांड्याचा वळणारा सांधा) बघा. वरचा भाग फिरतोय आणि खालचा जरा उशिरा फिरतोय तर दोष त्या क्रॉसमध्येच, आणि बऱ्याच गाड्यांत तेवढा खालचा शाफ्ट (दांडा) दोन बोल्ट काढून वेगळा निघतो, एअरबॅगला हातही लावावा लागत नाही. क्रॉस ठीक असेल तर रॅक (चाकं वळवणारी दात्यांची पट्टी) आणि टाय रॉड एंड (तिला चाकांशी जोडणाऱ्या दांड्यांचे सांधे) तपासा.

कॉलमच काढायचा असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा आणि थांबा. एअरबॅगच्या सर्किटमध्ये कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो, बॅटरी काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये दीड मिनिट लिहिलेलं असतं, काहींत जास्त, मी तर अर्धा तास थांबा म्हणेन कारण एअरबॅग तोंडासमोर फुटली तर डोळे जातील हो. काढलेली एअरबॅग कव्हरची बाजू वर करून ठेवा, उलटी कधीच नको, आणि तिच्या वायरीला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका.

गाडीची चाकं सरळ ठेवा, स्टिअरिंग व्हील आणि शाफ्टवर पेंटने खूण करा. मधला नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या नाहीतर व्हील सुटून थेट तोंडावर येतं. अडलं तर पुलर (व्हील ओढून काढायचं हत्यार) लावा पण शाफ्टवर हातोडी नको म्हणजे नकोच, अपघातात कॉलम दबावा म्हणून त्यात प्लॅस्टिकच्या पिना असतात, त्या ठोक्याने तुटतात आणि बाहेरून कळतही नाही. व्हीलमागची क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगच्या वायरीची गुंडाळलेली पट्टी असलेली डबी) टेपने चिकटवून ठेवा, ती फिरली तर आतली पट्टी पुढे तुटते.

खालचा पिंच बोल्ट (शाफ्टचा सांधा आवळून धरणारा) ढिला करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो कारण शाफ्टच्या खाचेतून गेलेला असतो. डॅशबोर्डखालचे नट सोडताना खालून कुणीतरी धरा, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर कॉलमवरच असेल तर तो चांगलाच जड असतो.

बसवताना पिंच बोल्ट नवीनच घ्या आणि टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याइतका आवळा, अंदाजाने नको, हा सुटला तर स्टिअरिंग हातात फिरेल आणि चाकं फिरणार नाहीत. बॅटरी जोडताना गाडीत कुणी बसलेलं नको. मोटरवाला कॉलम असेल तर नंतर स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिअरिंगची नव्याने जुळणी, करून घ्या, आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर गाडी रस्त्यावर काढू नका, स्कॅनरवाल्यालाच घरी बोलवा.