लालबागहून डोंबिवलीला पहिल्यांदाच बिऱ्हाड हलवायचंय. पॅकर्स-मूव्हर्स कसे निवडू?

लालबागला तिसरा मजला, लिफ्ट नाही; डोंबिवलीत टॉवरचा अकरावा मजला; सामान वन रूम किचनचं. फोनवर तिघांनी साडेसहा, नऊ आणि साडेबारा हजार सांगितले, यातला कोणता घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता कोणताच घेऊ नका. सामान न बघता सांगितलेला आकडा कोणालाच बांधून ठेवत नाही. गाडी भरून झाली की तो वाढतो, आणि तेव्हा तुमचं कपाट त्यांच्या टेम्पोत असतं.

तिघांनाही सामान बघायला बोलवा, नाहीतर व्हिडिओ कॉल करा. माळ्यावरची भांडी, पलंगाच्या पोटातल्या गाद्या, खिडकीतल्या कुंड्या, सगळं दाखवा; वाद नेमका यावरूनच होतो. कामाचा माणूस स्वतःहून विचारतो: जिना किती रुंद आहे, वळणावर लोखंडी कपाट फिरेल का, गाडी दारापर्यंत येते की नाक्यावर उभी करावी लागेल, तिकडे सर्व्हिस लिफ्ट आहे का. यातलं काहीच न विचारणाऱ्याचं नाव तिथेच खोडा.

मग लेखी कोटेशन मागा, व्हॉट्सॲपवर चालेल. त्यात वस्तूंची यादी, खोक्यांचा अंदाज, गाडी कोणती, माणसं किती, जिन्याची हमाली धरली आहे का, पलंग सोडून पुन्हा जोडून देणार का, टोल आणि जीएसटी आत की वेगळे, हे हवं. गाडीचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. स्वस्त दर बऱ्याचदा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो, धरून दिलेला असतो. त्याचा हौदा साधारण सात फुटांचा. पलंग, कपाट, फ्रिज आणि वॉशिंग मशीन ठेवलं की खोक्यांना जागा उरत नाही. मग दुसरी फेरी. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधून दुसरी फेरी म्हणजे दिवस गेला, आणि टॉवरमधली लिफ्टची वेळही. एवढं सामान असेल तर पिकअप किंवा टाटा ४०७ सारखा मोठा टेम्पो मागा.

कंपनी खरी आहे का हे बघायला दहा मिनिटं पुरतात. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे का ते बघा. पैसे ज्या खात्यात मागतात त्याचं नाव तेच आहे ना, हेही ताडून घ्या. नावाजलेल्या कंपनीच्या नावाला ‘न्यू’ किंवा ‘ओरिजिनल’ जोडून धंदा करणारे पुष्कळ आहेत. शिवाय काही जण नुसते दलाल असतात, ऑर्डर घेऊन मिळेल त्या टेम्पोवाल्याला देतात. म्हणून स्पष्ट विचारा: माणसं तुमची की ठेक्याची? गाडीची नंबर प्लेट पिवळी हवी.

विम्याचे वेगळे पैसे लावले तर पॉलिसी आणि विमा कंपनीचं नाव मागा. ते नसेल तर तो विमा नव्हे, कंपनीचा तोंडी शब्द. बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, मात्र घ्याच. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालच्या नियमांनुसार, जास्त किंमत आधी जाहीर करून जादा दर भरला नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळू शकते. दावा लावण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगपासून १८० दिवसांत. तेव्हा टीव्ही, फ्रिज, काचेच्या वस्तूंचे फोटो पॅकिंगच्या आधी काढा आणि मोडतोड दिसली तर पोच पावतीवर लिहूनच सही करा.

स्प्लिट एसी असेल तर मूव्हर्सच्या पोरांच्या हाती देऊ नका. गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून न घेता पाइप सोडला की सगळा उडून जातो आणि भरायचा खर्च तुमच्या माथी. एसीवाला वेगळा बोलवा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे मागचे ट्रान्झिट बोल्ट (प्रवासात ड्रम घट्ट धरणारे) शोधून लावा, नाहीतर ड्रम हादरतो. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून रिकामा करा, उभाच न्या, पोचल्यावर काही तासांनी चालू करा. पार्टिकल बोर्डचं कपाट एकदा सोडलं की स्क्रूची पकड ढिली होते. जुनं असेल तर इकडेच विकून टाकलेलं बरं.

तारीख ठरवायच्या आधी टॉवरच्या सोसायटीला फोन करा. एनओसी, डिपॉझिट, सामान चढवायची वेळ, सगळ्यांचे नियम वेगळे. रविवारी बंदी असणंही नवीन नाही. महिनाअखेर टाळा, भाडेकरार तेव्हाच संपतात आणि दर चढतात. पावसाळ्यात बंद बॉडीची गाडीच घ्या, ताडपत्रीवर गाद्या सोडू नका.

ॲडव्हान्स थोडाच द्या, बाकी रक्कम सामान उतरल्यावर, आणि तसं कोटेशनवर लिहून घ्या. मधेच गाडी अडवून जादा पैसे मागितले तर ११२ वर फोन करा. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दागिने आणि कागदपत्रं स्वतःच्या पिशवीत. भरलेला सिलिंडर ते नेणार नाहीत, त्यामुळे गॅस एजन्सीकडे ट्रान्सफरचं आठवडाभर आधी विचारा.