राजकीय ब्लॉगरचं विकिपीडियावर पान असावं की नाही, हे ठरतं कसं?

तुम्ही नियमित वाचता त्या एका राजकीय ब्लॉगरचं विकिपीडियावरचं पान वगळायचा प्रस्ताव आलाय. त्यांचे वाचक म्हणतात, लाखो लोक ज्यांना वाचतात त्यांचं पान का नको? विरोधक म्हणतात, हा तर प्रचारक, याला विश्वकोशात जागा कशाला? बरोबर कोण, आणि अशा माणसावरचा लेख तटस्थ होऊ तरी शकतो का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते दोन्ही बाजू मुद्द्याचं सोडून भलतंच भांडतायत. निकाल कुणाच्याही बाजूने लागेल, पण या दोन कारणांपैकी एकही तिथे चालत नाही.

मी बरीच वर्षं तिथे संपादन करतो आणि पान वगळण्याच्या चर्चांमध्ये अधूनमधून डोकावतो. राजकीय ब्लॉगर हा त्यातला सगळ्यात कटकटीचा प्रकार. लोकप्रतिनिधी विधिमंडळात किंवा संसदेत निवडून आला की त्याच्या पानाचा प्रश्न सहसा मिटतो. ब्लॉगरला असा दाखला कोण देणार? (नियम प्रत्येक भाषेच्या विकिपीडियावर थोडेफार वेगळे असतात. मी इंग्रजीवरचे सांगतोय. बऱ्याच ठिकाणी तेच उचललेले आहेत.)

उल्लेखनीयतेची, म्हणजे एखाद्या विषयाला स्वतंत्र पान असावं का याची, कसोटी एका ओळीत मावते: विषयाशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह स्रोतांनी त्याची सविस्तर दखल घेतलेली असावी. सविस्तर, स्वतंत्र आणि विश्वासार्ह, तिन्ही एकाच वेळी. वाचकसंख्या त्यात कुठेच नाही आणि लोकांना राग येतो तो यावरच. पण जरा विचार करा. ‘यांचे पाच लाख फॉलोअर आहेत’ यातून लेखाला एक वाक्य मिळतं. पुढच्या परिच्छेदात काय लिहिणार? हा माणूस कोण, काय मांडतो, त्याने काय घडलं, कुणी काय आक्षेप घेतले, हे तिऱ्हाईताने कुठेतरी लिहून ठेवलेलं असल्याशिवाय विश्वकोशाला ते लिहिता येत नाही. संपादकाने स्वतः संशोधन करून लिहायला तिथे बंदी आहे.

कसोटीला उतरणारा ब्लॉगर कसा दिसतो ते जॉश मार्शल या अमेरिकी राजकीय ब्लॉगरच्या उदाहरणातून कळेल. ५ डिसेंबर २००२ रोजी स्ट्रॉम थर्मंड या अमेरिकी सेनेटरच्या शंभराव्या वाढदिवसाचा समारंभ होता. थर्मंड १९४८ साली गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवण्याच्या धोरणाचा पुरस्कार करत राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले होते. रिपब्लिकनांचे सेनेटमधले नेते ट्रेंट लॉट त्या समारंभात बोलून गेले की, तेव्हा सगळ्या देशाने थर्मंड यांना निवडलं असतं तर पुढचे हे त्रास झाले नसते. बड्या वर्तमानपत्रांनी सुरुवातीला त्याकडे जवळपास काणाडोळा केला. मार्शल आणि इतर काही ब्लॉगर, ज्यांत उजव्या विचारांचेही होते, विषय सोडेनात. २० डिसेंबरला लॉट यांनी नेतेपद सोडल्याचं जाहीर केलं. पुढे हार्वर्डच्या केनेडी स्कूलने या प्रकरणातल्या ब्लॉगरांच्या भूमिकेवर केस स्टडी काढला आणि मार्शल यांच्या ‘टॉकिंग पॉइंट्स मेमो’ या ब्लॉगला दुसऱ्या एका प्रकरणाच्या वार्तांकनासाठी जॉर्ज पोल्क हा पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला. आता मार्शल तुम्हाला आवडोत वा न आवडोत, लिहायला भरपूर मजकूर आहे आणि तो त्यांनी स्वतः लिहिलेला नाही. सौदी ब्लॉगर रैफ बदावी यांना झालेली १० वर्षं तुरुंगवासाची आणि १००० फटक्यांची शिक्षा, २०१५ चा युरोपियन संसदेचा साखारोव्ह पुरस्कार, यावरही जगभर लिहिलं गेलं. तिथे वाद घालायला जागाच उरत नाही.

कटकट असते ती मधल्या माणसांची. अशा पानाच्या तळाशी संदर्भांची ही लांबलचक यादी असते आणि बघणारा दबकतो. एकेक दुवा उघडा. निम्म्याहून जास्त दुवे त्याच्याच ब्लॉगचे निघतात. काही ठिकाणी त्याची मुलाखत असते, म्हणजे पुन्हा तोच बोलतोय. एका बातमीत पाच जणांच्या प्रतिक्रियांमध्ये त्याची दोन ओळींची प्रतिक्रिया असते. टीव्हीवरच्या चर्चेत बोलावल्याचा एक व्हिडिओ असतो. मग मित्राच्या पोर्टलवरचं कौतुक, आणि विरोधी ब्लॉगवर काढलेलं पितळ. हे सगळं बाजूला केल्यावर कधी दोन चांगले लेख उरतात, कधी एकही नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. लोक उल्लेखनीयता आणि तटस्थता यांवर वेगवेगळ्या चर्चा करतात, पण ब्लॉगरच्या बाबतीत हा एकच प्रश्न आहे. तिऱ्हाईत स्रोत नसले की हातात दोनच गोष्टी उरतात: तो स्वतःबद्दल काय म्हणतो, आणि त्याचे वैरी त्याच्याबद्दल काय म्हणतात. त्याचा ब्लॉग जन्मगाव, शिक्षण, ब्लॉग कधी सुरू केला असल्या साध्या माहितीपुरता चालतो; स्वतःची पाठ थोपटायला चालत नाही. आणि वैऱ्याचा ब्लॉग? जिवंत माणसाबद्दल दुसऱ्या कुणी स्वतःच्या ब्लॉगवर छापलेलं काहीही वापरायचं नाही, लिहिणारा कितीही मोठा तज्ज्ञ असो, असा नियम आहे. म्हणजे एका बाजूने जाहिरात आणि दुसऱ्या बाजूने वापरताच न येणारी चिखलफेक. यातून तटस्थ लेख कुणाच्या बापालाही लिहिता येणार नाही. सगळे संपादक सज्जन असले तरी नाही.

जिवंत व्यक्तींबाबत एवढी कडक शिस्त उगाच आलेली नाही. २००५ च्या मे महिन्यात जॉन सायगेन्थॅलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी घुसडून दिलं की, केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. साफ खोटं, आणि ते महिनोन्‌महिने तसंच राहिलं. नोव्हेंबरमध्ये सायगेन्थॅलर यांनी ‘यूएसए टुडे’त लेख लिहून जाहीर वाभाडे काढले. डिसेंबरपासून इंग्रजी विकिपीडियावर खातं न उघडता नवं पान तयार करणं बंद झालं आणि जिवंत व्यक्तींच्या चरित्रांचा वेगळा नियमही याच सुमारास आकाराला आला. कमी लोकांची नजर असलेलं पान सगळ्यात धोक्याचं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. अर्धवट प्रसिद्ध ब्लॉगरचं पान नेमकं तसलंच असतं: वाचणारे थोडे, आणि लिहिणारे एकतर भक्त नाहीतर दुष्मन.

समजा स्रोत आहेत, पान राहणार आहे. मग खरी मारामारी विशेषणांवर होते. चाहता लिहितो, ‘हे आपल्या निर्भीड आणि परखड लेखनासाठी ओळखले जातात.’ विरोधक ते पुसून लिहितो, ‘हे खोट्या बातम्या पसरवणारे वादग्रस्त प्रचारक आहेत.’ पहिला उलटवतो, दुसरा पुन्हा उलटवतो. चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की खातं गोठवलं जाऊ शकतं, म्हणून तिसऱ्या खेपेनंतर दोघं चर्चा पानावर येतात आणि एकमेकांची जात-कुळी काढतात (पक्षाची, म्हणायचंय मला). दोन्ही वाक्यं एकाच कारणाने टाकाऊ आहेत: त्यांत विश्वकोश स्वतःच्या तोंडाने निकाल देतोय. दुरुस्त वाक्य काहीसं असं होईल: ‘यांचा ब्लॉग अमुक साली सुरू झाला, तो मुख्यतः निवडणूक निधीवर लिहितो. अमुक लेखातला दावा चुकीचा असल्याचं तमुक वृत्तपत्राने पडताळणीत दाखवलं. त्यानंतर यांनी तो मागे घेतला.’ वाचायला रटाळ. पण कोण म्हणालं, कशावरून म्हणालं आणि पुढे काय झालं, तिन्ही त्यात आहे.

‘वादग्रस्त’ या शब्दावर माझा विशेष राग आहे. वाद कुणाचा, कशावर, हे न सांगता काम भागवायला तो बरा पडतो. वाद सांगा, विशेषण आपोआप गळतं.

तटस्थता म्हणजे अर्धं कौतुक आणि अर्धी टीका, असंही नव्हे. विश्वासार्ह स्रोतांत ज्या गोष्टीला जितकं वजन, तितकंच लेखात. दहा स्रोत एखाद्याचा दावा खोटा म्हणत असतील आणि एक खरा म्हणत असेल, तर दोघांना सारखी जागा देणं हाच पक्षपात होईल. उलट, दहा वर्षांच्या लेखनातल्या एका बेताल ट्विटवर निम्मा लेख खर्च करणं हाही. एकाच प्रकरणापुरता चर्चेत आलेला आणि एरवी फारसा सार्वजनिक जीवनात नसलेला माणूस असेल तर त्याचं चरित्र न लिहिता त्या प्रकरणावर लेख लिहावा, हा तिथला संकेत मला फार शहाणपणाचा वाटतो. कधी ब्लॉगवर पान ठेवून माणसाचं नाव तिकडे वळवतात. राहू द्या किंवा काढा, एवढेच पर्याय असल्यासारखे लोक भांडतात. विलीन करा हा तिसरा पर्याय कुणाच्या डोक्यातच येत नाही.

या पद्धतीत एक मोठी खोट आहे, आणि ती मी नाकारणार नाही. विश्वकोश प्रसारमाध्यमांच्या मागून चालतो; त्यांनी ज्याच्याकडे पाठ फिरवली त्याच्याकडे याचीही पाठ. डॉना स्ट्रिकलंड या भौतिकशास्त्रज्ञ बाईंवरच्या लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये संदर्भ अपुरे म्हणून परत गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. जिथे वृत्तपत्रं सरकारच्या मुठीत आहेत तिथे खरं लिहिणाऱ्या ब्लॉगरवर देशात कोण सविस्तर लिहील? तरीही मी कसोटी सैल करायच्या बाजूचा नाही, कारण सैल केलेल्या दारातून तो एकटा येत नाही. पगारी प्रचारकांची फौज त्याच्या आधी आत घुसते. पैसे घेऊन संपादन करणाऱ्यांनी ते जाहीर करावं, अशी अट विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेला २०१४ मध्ये वापराच्या अटींत घालावी लागली ती याच मंडळींमुळे.

राहता राहिलं तुमचं मत देणं. त्या ब्लॉगरने ‘तिकडे जाऊन पान वाचवा’ असं आवाहन केलंय, असं तुम्ही लिहिलंय. त्याने नुकसानच होईल. चर्चा साधारण सात दिवस चालते आणि शेवटी निकाल देणारा प्रचालक (पान वगळायचा अधिकार असलेला संपादक) मतं मोजत नाही, कारणं वाचतो. काल उघडलेल्या वीस खात्यांनी ‘राहू द्या, हे सत्य बोलतात’ लिहिलं तर त्या वीसांचं वजन शून्य धरलं जातं, वर बाहेरून माणसं आणल्याचा शेरा बसतो. जायचंच असेल तर त्यांच्यावर, त्यांच्याशी संबंध नसलेल्या कुणीतरी लिहिलेले दोन-तीन सविस्तर लेख शोधा, दुवे द्या आणि प्रत्येकात त्यांच्याबद्दल किती परिच्छेद आहेत ते सांगा. स्वतःला चाहता म्हणवून घेतलंत तरी चालेल. लेख सापडलेच नाहीत तर पान वगळलं जाईल, पण प्रचालकाला विनंती केली की वगळलेला मजकूर बहुतेक वेळा मसुदा म्हणून परत मिळतो आणि पुढे कुणी ढंगाचं लिहिलं की तो पुन्हा मांडता येतो.